संपादकाला न कळलेली बातमी

रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘नष्टनीड’ या १९०१ सालच्या दीर्घकथेच्या आरंभीच एक वाक्य येते आणि ते मी आजवर किती वेळा वाचले असेल याची मोजदाद नाही. भूपती हा गर्भश्रीमंत, इंग्रजी वृत्तपत्र चालवण्याच्या नादाने झपाटलेला गृहस्थ आहे. तो आपल्या पत्रात बुडून गेलेला असताना त्याची बालिकावधू चारुलता हळूहळू तारुण्यात येऊन पोहोचली आणि वृत्तपत्राच्या संपादकाला ही मोठी बातमी नीटशी कळलीच नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. मजकुराच्या ओघात सहज निघून जाणाऱ्या या एका वाक्यात एका घराची सगळी कहाणी सांगून झालेली आहे. सत्यजित राय यांनी याच कथेवरून १९६४ साली ‘चारुलता’ हा चित्रपट केला, तेव्हा ते वाक्य त्यांनी कोणाच्याही तोंडी घातले नाही; चित्रपटाची पहिली काही मिनिटे मात्र त्यांनी त्या वाक्यालाच दिली, असे मला वाटते.

हा चित्रपट मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी विशीत होतो आणि माझे सगळे लक्ष चारुलताचा दीर अमल याच्याकडे होते. वादळासारखा घरात शिरणारा, कविता म्हणणारा, गाणारा तो तरुण मला आपला वाटला आणि भूपती हा वाटेतला अडसर वाटला. दुसऱ्या वेळी मी चारुलताचा चेहरा पाहत राहिलो. तिसऱ्यांदा पाहिला तो घरी, पत्नीबरोबर, एका पावसाळी रात्री. त्या वर्षी मी एका दिवाळी अंकाचे संपादन करीत होतो आणि जेवणानंतर मध्यरात्रीपर्यंत लोकांची हस्तलिखिते वाचीत बसण्याची मला सवय लागली होती. भूपती हातातल्या पुस्तकात डोळे खुपसून बायकोच्या अगदी जवळून निघून जातो, त्या ठिकाणी माझी पत्नी म्हणाली, “मागे घे ना जरा.” मी चित्र मागे नेले. ते संपल्यावर तिने पुन्हा एकदा मागे न्यायला सांगितले. मग बराच वेळ काही न बोलता ती म्हणाली, “त्याचा राग येत नाही, हेच वाईट आहे.” त्या रात्रीपासून मला हा लेख लिहायचा होता.

त्या प्रसंगाबद्दल आधी सविस्तर लिहायला हवे. साल १८७९, कलकत्ता. श्रेयनामावली चालू असताना एक स्त्री रुमालावर भरतकाम करीत असते. काम झाल्यावर ती नोकराला बाबूंचा चहा नेऊन देण्याची आठवण करते आणि मग तिच्यासमोर एक अख्खी दुपार पसरलेली असते. कपाटातून ती पुस्तक काढते, बंकिमचंद्रांचे नाव ओठांवर घोळवीत गुणगुणते. बाहेरून डमरूचा आवाज येतो, म्हणून हातात नाटकाची दुर्बीण घेऊन ती खिडकीशी जाते, झडपांच्या फटी उघडते आणि रस्त्यावरचा माकडवाला पाहते. पालखी जाते, छत्री घेतलेला एक स्थूल माणूस जातो, आणि तो पुढे सरकेल तशी ती एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे लगबगीने धावत त्याला पाहत राहते. सुब्रत मित्र यांचा कॅमेरा तिच्याबरोबर धावतो. या धावण्यात एका लहान मुलीचा आनंद आहे आणि तो पाहताना पोटात कालवते, कारण ज्या घरात ती धावते आहे ते कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी उभारलेले घर जड लाकडी सामानाने, नक्षीच्या भिंतींनी, आरशांनी आणि घड्याळांनी खच्चून भरलेले आहे आणि त्यात एकही माणूस तिच्याशी बोलायला नाही. मग बुटांचा आवाज करीत भूपती येतो, खोलीत जाऊन पुस्तक घेतो, ते वाचत वाचत तिच्यासमोरून परततो. ती जिथे उभी आहे तिथून तो हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर आहे. चारुलता दुर्बीण डोळ्यांना लावते आणि माकडवाल्याला पाहिले तसेच नवऱ्याला पाहते. तो जिन्याकडे नाहीसा होतो, तिचा हात खाली येतो आणि कॅमेरा एकदम तिच्यापासून लांब सरकतो.

दूरची गोष्ट जवळ आणणारे साधन जवळच्या माणसासाठी वापरावे लागते, हे दृश्य पाहणाऱ्या कोणालाही कळते. ते समजावून सांगण्याची गरज नाही. मला त्याहून अधिक सतावते ती रुमालावरची नक्षी. वेलीच्या वर्तुळात चारुलता नवऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर भरते आहे, आणि ते अक्षर इंग्रजी ‘बी’ आहे. बंगाली कादंबऱ्यांवर वाढलेली ही स्त्री नवऱ्यासाठी काही करायचे म्हटल्यावर त्याच्या जगाच्या लिपीत करते. राज्यकर्त्यांची भाषा या घराच्या शयनगृहापर्यंत किती आत आली आहे ते या एका टाक्यात दिसते. भूपती ज्या भाषेत विचार करतो, लिहितो, भांडतो आणि स्वप्ने पाहतो त्या भाषेत त्याच्या पत्नीला प्रवेश नाही. आणि ती ज्या भाषेत जगते तिच्यातले साहित्य त्याला फावल्या वेळचा खेळ वाटते.

तरीही भूपती वाईट माणूस नाही, आणि या चित्रपटाचे थोरपण मला सर्वांत जास्त इथे जाणवते. दुष्ट, दारुडा किंवा बाहेरख्याली नवरा दाखवला असता तर आपली सहानुभूती सरळ वाटेने गेली असती. भूपती सभ्य आहे, उदार आहे, कोणावरही पटकन विश्वास टाकणारा आहे. त्याच्या ‘सेंटिनेल’ या पत्राचे ब्रीद सत्य टिकून राहते असे सांगते आणि त्या ब्रीदावर त्याची मनापासून श्रद्धा आहे. १८७८ साली व्हाइसरॉय लिटन याने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला होता आणि त्यातून इंग्रजी पत्रे वगळली होती. म्हणजे ज्या वर्षांत ही कथा घडते त्या वर्षांत भूपतीला इंग्रजीतून सरकारवर टीका करण्याची जी मोकळीक होती ती बंगाली संपादकाला नव्हती. १८८० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टनचा उदारमतवादी पक्ष निवडून आला, तेव्हा भूपती घरी मित्रांची मैफल भरवून तो विजय साजरा करतो. हजारो मैलांवरच्या, स्वतःला मत देण्याचा अधिकार नसलेल्या निवडणुकीचा हा आनंद आज आपल्याला विचित्र वाटेल, पण त्या पिढीचे ते खरे भाबडेपण होते आणि राय यांनी त्याची टवाळी केलेली नाही.

हाच भूपती एका रात्री पत्नीला विचारतो की तुला एकटेपणा वाटतो का, आणि ती म्हणते की सवय झाली आहे. ही सवय बरी नव्हे, हे त्याला कळते. तो लगेच उपायही करतो: चारुलताचा भाऊ उमापद याला पत्राच्या व्यवस्थेसाठी बोलावून घेतो, म्हणजे त्याची बायको मंदा हिची चारुला सोबत होईल. आपण स्वतः तिच्याजवळ बसावे, हा उपाय त्याला सुचत नाही. पुढे त्याचा आतेभाऊ अमल शिक्षण संपवून येतो, तेव्हा चारुला लिहिण्यावाचण्याची आवड आहे, तर तिला उत्तेजन दे, असे तो अमलला सांगतो आणि ते तिला कळू देऊ नकोस असेही बजावतो. बायकोच्या मनाची काळजी घेण्याचे काम त्याने प्रेमाने, सद्भावनेने दुसऱ्याच्या हाती सोपवले. माझ्या पत्नीचे वाक्य मला आठवते ते इथे. राग यावा असे त्याने काही केलेले नाही.

त्याच दशकातल्या आपल्याकडच्या घरांशी हे चित्र ताडून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. १८७३ साली एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी अकरा वर्षांच्या रमाबाईंचे लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती; नवऱ्याने त्यांना शिकवायला घेतले आणि घरातल्या बायकांनी त्या शिकण्यावरून त्यांना किती छळले ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पत्नीला आपल्या योग्यतेची करून घेणे हे सुधारक नवऱ्याचे कर्तव्य होते आणि रानडे हे कर्तव्य भूपतीपेक्षा किती तरी अधिक मन लावून पार पाडीत होते. ते पुस्तक मला फार प्रिय आहे. त्यातली स्त्री नवऱ्याविषयीच्या भक्तीने ओसंडून वाहते, घरातल्या जाचाविषयी स्पष्ट बोलते, स्वतःच्या चुका मोकळेपणाने सांगते. परंतु तिला स्वतःला काय हवेसे वाटत होते, कशाची ओढ लागली होती, हे शोधू गेले तर हाताशी फार थोडे लागते. तसे लिहिण्याची रीतच नव्हती. नवरा हाच गुरू झाला की शिष्येला त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटू शकते, आदर वाटू शकतो, धाक वाटू शकतो. इच्छा कोणत्या शब्दांत मांडायची हे कोणत्याच धड्यात नसते.

इच्छा नाही, हे मात्र एका स्त्रीने मुंबईत अवघ्या काही वर्षांनी भर न्यायालयात सांगितले. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले होते. त्या माहेरीच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या आणि शिकल्या. पत्नीने आपल्या घरी नांदायला यावे म्हणून दादाजींनी १८८४ साली दावा लावला. दांपत्य-हक्क परत मिळवून देण्याची ही तरतूद आपल्या धर्मशास्त्रातली नव्हे. ती इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आली होती. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो टिकला नाही, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले.

हा खटला मी इथे आणतो तो एवढ्यासाठी की त्यातून त्या काळाची एक अट उघडी पडते. विवाह म्हणजे काय हे विचारायचे झाले तर न्यायालय, शास्त्री, सुधारक आणि वृत्तपत्रे हे सगळे एका प्रश्नापाशी येऊन थांबत: बाईने कोणाच्या घरी राहायचे? चारुलता नवऱ्याच्याच घरी राहते. तिच्यावर हुकूम बजावण्याचे कोणाला कारण नाही, तिला शिक्षा नाही, सासुरवास नाही, पैशाची ददात नाही, आणि भूपतीने तिचा कोणताही हक्क हिरावून घेतलेला नाही. ज्या प्रश्नावर मुंबईत पुढे इतका गदारोळ झाला त्या प्रश्नाच्या सगळ्या उत्तरांत ती बसते. आणि तरी ती दुर्बीण घेऊन खिडक्यांमधून धावते आहे. कायद्याच्या आणि सुधारणेच्या बोलीत जिचे नावच नव्हते अशी एक उणीव राय यांनी या चित्रपटात दाखवली, म्हणून विवाहावरच्या चित्रपटांत माझ्या मनात त्याची जागा सर्वांत वरची आहे.

ती उणीव कशाची होती? शरीराची होती, असे म्हणणे सोपे आहे आणि ते खोटेही नाही. बागेतल्या प्रसंगात चारुलता झोक्यावर बसून गुणगुणते, अमल खाली चटईवर पडून लिहीत असतो, झोका वर जातो आणि खाली येतो, आणि तिच्या चेहऱ्यामागचे जग हलत राहते. मग ती दुर्बीण उचलून इकडेतिकडे पाहू लागते. शेजारच्या घराच्या खिडकीत तान्ह्या मुलाला घेतलेली एक आई दिसते, तिथे नजर थबकते, आणि मग ती दुर्बीण अमलकडे वळवते. क्षणभराने ती खाली घेते, तेव्हा चारुलता झालेल्या माधवी मुखर्जी यांच्या चेहऱ्यावर जे येते त्याला काय म्हणावे हे मला तीनदा पाहूनही ठरवता आलेले नाही. तिला काहीतरी समजले आहे आणि समजले नसते तर बरे झाले असते, असा तो चेहरा आहे. सबंध चित्रपटात इच्छा इतक्या उघडपणे पुन्हा कुठे येत नाही.

परंतु त्या झोक्याजवळची खरी देवघेव वहीची आहे. चारुलता अमलला स्वतः सजवलेली वही देते आणि अट घालते की यात जे लिहिशील ते छापायचे नाही. ही अट मला फार बोलकी वाटते. ज्या घरात छपाईची शाई रात्रंदिवस वाहते, जिथे छापून आलेला शब्द तेवढाच खरा धरला जातो, तिथे तिला न छापलेला, फक्त दोघांनी वाचायचा शब्द हवा आहे. अमल ती अट मोडतो. आपला लेख मासिकाकडे पाठवतो, तो छापून येतो आणि तो आनंदाने तिला दाखवायला येतो. तिचा संताप त्याला समजत नाही. आपल्या शब्दांना हजार वाचक मिळाले तर आपल्या एका वाचकाला दुःख का व्हावे, हे त्या वयात मलाही समजले नव्हते.

मग ती स्वतः लिहायला बसते, आणि माझ्या मते चित्रपटातला सर्वांत उत्कट प्रसंग हा आहे, झोक्याचा नव्हे. आधी ती अमलच्या थाटाचे, अलंकारिक काहीतरी लिहू पाहते. कागद चुरगाळून टाकते. मग ती नुसती बसून राहते. पडदा तिच्या चेहऱ्याने भरतो, आणि त्या चेहऱ्यावर नदी उमटते, शिडांच्या होड्या, एक वृद्ध स्त्री, जत्रेतली सोंगे, आकाशात उडणारे दारूकाम. तिचे गाव तिच्याकडे परत येते. तिच्या लेखाचे नाव ‘आमार ग्राम’, म्हणजे माझे गाव. कोणाचेही अनुकरण नसलेली साधी भाषा तिला सापडते, आणि ती सापडण्याचा आनंद त्या चेहऱ्यावर हळूहळू चढत जातो. लिहिणाऱ्या माणसाचा चेहरा पडद्यावर दाखवणे जवळजवळ अशक्य असते, कारण लिहिण्यात बाहेरून पाहण्यासारखे काही घडत नाही. राय यांनी ते एका चेहऱ्यावर आणि त्यावर उमटत जाणाऱ्या आठवणींवर साधले आहे.

लेख अमलचा ज्या मासिकात आला त्याहून प्रतिष्ठित मासिकात छापून येतो. चारुलता ते मासिक गुंडाळून अमलच्या डोक्यात मारते, त्याच्यासाठी विडा आणते, तिच्या हालचालींत विजयाचा तोरा असतो, आणि पुढच्याच क्षणी ती त्याच्या छातीवर डोके ठेवून हमसून रडू लागते. सुरुवातीला मला वाटे की ती अमलवरच्या प्रेमाने रडते. आता वाटते की त्या रडण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि तिला त्या सोडवता येत नाहीत: आपल्याला लिहिता येते हे कळण्याचे सुख, आणि ते ज्याच्यामुळे कळले तो आपला नाही याचे दुःख. भूपतीला तर पत्नी लेखिका झाल्याचे मित्राकडून कळते. पुन्हा एक बातमी, आणि पुन्हा संपादक मागे.

दीर-भावजय या नात्याबद्दल एक शब्द. बंगाली ‘बौठान’ आणि ‘ठाकुरपो’ म्हणजे आपल्याकडच्या वहिनी आणि भावजी. नवरा वयाने बराच मोठा आणि दिवसभर बाहेरच्या बैठकीत, अशा घरात थट्टामस्करी करण्याची, रुसण्याची, पुस्तकाची देवघेव करण्याची मुभा त्या एकाच नात्याला होती. तेवढीच एक खिडकी समाजाने उघडी ठेवली होती. रवींद्रनाथांची वहिनी कादंबरीदेवी १८६८ साली नऊ वर्षांची असताना ठाकुरांच्या घरात आली, तेव्हा ते सात वर्षांचे होते. १८८३ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांचे लग्न झाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये तिने आपले जीवन संपवले. या घटनेची किल्ली लावून ‘चारुलता’ उघडण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. मला तो आवडत नाही. गेलेल्या स्त्रीचे काहीच सांगणे आपल्यापर्यंत आलेले नसताना तिच्या मनाचे तर्क लढवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि चारुलताला स्वतःचे गाव, स्वतःची भाषा आणि स्वतःचा लेख आहे. तिला कोणाची सावली करून ठेवण्याचे कारण नाही.

उत्तरार्ध मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातल्या घटना ठाऊक असल्या तरी पाहण्याची धार कमी होत नाही. उमापद पैशांचा अपहार करून बायकोसह निघून जातो, पत्र बंद पडते, आणि कोलमडलेला भूपती अमलजवळ मन मोकळे करतो: ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांनीच असे केले तर माणसाने कोणावर विसंबायचे? शैलेन मुखर्जी हे वाक्य अत्यंत साधेपणाने बोलतात, आणि सौमित्र चॅटर्जींचा अमल ते ऐकताना आतून गोठत जातो. आपणही याच माणसाच्या घरातून काहीतरी उचलून न्यायच्या बेतात आहोत हे त्याला दिसते. त्या रात्री चिठ्ठी ठेवून तो निघून जातो. त्याला पळपुटा म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्याने चारुलताला एका शब्दाने विचारले नाही हे खरेच आहे, आणि हे घर सोडतानाही त्याने जे पाहिले ते भावाचे दुःख, तिचे नव्हे. पण तो थांबला असता तर अधिक चांगले झाले असते असेही मला म्हणवत नाही.

त्यानंतर समुद्रकाठचा एक लहानसा प्रसंग आहे, ज्याकडे पहिल्या दोन्ही वेळी माझे लक्षच गेले नव्हते. हवापालटासाठी गेलेली ती दोघे वाळूत बसली आहेत. चारुलता नवऱ्याला सुचवते की पत्र पुन्हा काढावे, आणि ते दोन्ही भाषांत असावे; इंग्रजी राजकारण त्याने पाहावे, बंगाली भाग ती पाहील. भूपतीचा चेहरा उजळतो. या विवाहात प्रथमच दोघांना एकत्र करण्यासारखे काही सापडले आहे, आणि ते तिला सापडले आहे. या माणसाने तिला पाहायला आत्ता कुठे सुरुवात केली. ती दोघे तशीच परत आली असती आणि काही वर्षे तशीच गेली असती, तर त्या दोन भाषांच्या पत्रातून एक चांगला संसारही उभा राहिला असता, असे मला खरोखर वाटते. परंतु घरी आल्यावर अमलचे पत्र येते. भूपती बाहेर पडतो, चारुलताचा बांध फुटतो आणि ती अमलला हाक मारून, असा न सांगता का गेलास म्हणत रडते. काही कारणाने मागे फिरलेला भूपती दाराशी उभा राहून ते ऐकतो.

तो निघून जातो. घोडागाडीत एकटा बसून निरुद्देश फिरत राहतो, त्याचे डोळे भरून येतात, आणि रुमाल दिसताच पाहणाऱ्याला आरंभीच्या त्या टाक्यांची आठवण होते. पूर्वी मी या गाडीत बसलेल्या माणसाकडे कीव करीत पाहिले होते. तिसऱ्या वेळी मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. मेजावर माझ्या अंकाची हस्तलिखिते पडली होती, त्यांत चाळीस-पन्नास अनोळखी माणसांची मने होती, आणि ती सगळी मी काळजीपूर्वक वाचली होती.

रवींद्रनाथांची कथा वेगळ्या रीतीने संपते. तिथे भूपतीला दूर म्हैसूरला संपादकाचे काम मिळते, चारुलता मलाही ने म्हणते, तो आधी नाही म्हणतो, मग तिचा चेहरा पाहून चल म्हणतो, आणि ती म्हणते, “ना, थाक्.” आपल्या मराठीत याला चपखल शब्द आहे: “राहू दे.” आपल्या घरांतल्या बायका हे दोन शब्द किती कामांसाठी वापरतात, याचा विचार केला तर या शेवटाचे वजन कळते. साडी घ्यायची राहू दे, माहेरी जायचे राहू दे, बोलायचे राहू दे. मागायचे होते ते मागून झाले, मिळाले ते उशिरा आणि दयेने मिळाले, म्हणून ते नको. एवढे सगळे त्या दोन शब्दांत मावते.

राय यांनी हा शेवट बदलला आणि त्यावरून बंगालमध्ये पुष्कळ वाद झाला. चित्रपटात भूपती घरी परततो. दार उघडते, चारुलता आत उभी असते. ती हात पुढे करते आणि म्हणते, “एसो.” ये. दीर्घकथेपासून चित्रपटापर्यंत त्रेसष्ट वर्षे गेली, आणि त्याच स्त्रीच्या तोंडचा अखेरचा शब्द ‘राहू दे’ होता तो ‘ये’ झाला. भूपतीचा हात पुढे येऊ लागतो, आणि दोन्ही हात एकमेकांना लागण्याआधीच चित्र थांबते. एकामागून एक स्थिर छायाचित्रे येतात, तिचा चेहरा, त्याचा चेहरा, दिवा घेऊन आलेला म्हातारा नोकर, आणि मग पडद्यावर बंगाली अक्षरे उमटतात: नष्टनीड. दोन्ही शब्द आपल्याही भाषेतले आहेत. मोडलेले घरटे.

चित्रपट संपल्यावर पत्नीने दिवा लावला नाही. बराच वेळ आम्ही पावसाचा आवाज ऐकत बसलो. मग तिने विचारले, “तो आत जातो का?” मी म्हणालो की ते दाखवलेले नाही. “ते मला दिसलं,” ती म्हणाली, “तुला काय वाटतं ते विचारतेय.” मी मेजावरचे कागद बाजूला सारले, आणि उत्तर माझ्याजवळ नव्हते तरी बोलायला सुरुवात केली.